घरबसल्या काम : संधी कोठे आणि सापळा कोठे?

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईतील गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यातून उभ्या राहिलेल्या 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' या संस्थेची कार्यपद्धती सर्वपरिचित आहे. सदस्य भगिनी शाखेतून मळलेले पीठ घरी नेतात, पापड लाटून वाळवतात, दुसऱ्या दिवशी ते शाखेत जमा करतात आणि लाटण्याची मजुरी घेतात. कच्चा माल संस्थेचा, श्रम भगिनींचे आणि पैसा संस्थेकडून भगिनींकडे, असा हा सरळ व्यवहार आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद केल्याचे जाहीर केले. ही संकेतस्थळे बेकायदा गुंतवणूक आणि अर्धवेळ कामाच्या आमिषाने होणाऱ्या फसवणुकीशी संबंधित होती. 'घरबसल्या काम', 'घरबसल्या कमाई' अशा शब्दांच्या जाहिराती अनेक भाषांतून दाखविल्या जात. निवृत्त कर्मचारी, महिला आणि बेरोजगार तरुण हे या जाहिरातींचे प्रमुख लक्ष्य असल्याचे मंत्रालयाने म्हटले होते. येथे पैशाचा प्रवास नेमका उलटा होता. काम करू पाहणाऱ्याच्या खिशातून तो काम देणाऱ्याकडे जात होता.

घरून करता येण्याजोगे पहिलेच काम शोधणाऱ्या व्यक्तीने या दोन उदाहरणांतील फरक प्रथम ध्यानात घ्यावा. अनुभव नसलेल्या माणसाला घरून करता येतील अशी कामे आज निश्चितच उपलब्ध आहेत. मात्र ती बहुधा मोठ्या जाहिरातींतून मिळत नाहीत आणि पहिल्याच महिन्यात मोठी रक्कमही देत नाहीत.

जुनी परंपरा, नवे स्वरूप

घरी बसून मजुरीचे काम करण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. सोलापूर आणि निपाणी परिसरातील हजारो महिलांनी पिढ्यानपिढ्या घरी विड्या वळल्या. शिलाई, काजे-बटणे, उदबत्ती, गोधड्या अशी कामेही घरोघर होत आली आहेत. या कामांत मजुरी नगावर ठरते. माल परत देताना ठेकेदार त्यात खोट काढून काही माल नाकारतो आणि मजुरी कापतो, ही अशा कामगारांची जुनी तक्रार आहे. या तक्रारीचे आधुनिक रूप पुढे पाहावयास मिळेल.

संगणक आणि इंटरनेटमुळे या परंपरेत लेखी व बोलण्याच्या कामांची भर पडली. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर कार्यालयीन कामेही घरून होऊ लागली. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने ग्राहक सेवा केंद्रांसारख्या उद्योगांवरील नियम शिथिल केले. त्यामुळे या क्षेत्रातील कंपन्यांना आपल्या कर्मचाऱ्यांना घरून काम देणे सुलभ झाले.

नवशिक्यास झेपणारी कामे

टंकलेखन हे अनेकांना सर्वांत सोपे वाटणारे काम आहे. परंतु केवळ छापील मजकूर पाहून टंकन करण्याच्या कामास आता पूर्वीसारखी मागणी राहिलेली नाही, कारण छायाचित्रातील अक्षरे ओळखून मजकूर तयार करण्याचे काम संगणक स्वतः करू लागला आहे. हस्तलिखित मजकूर, जुनी पुस्तके, तक्ते आणि गणिताची पाने या ठिकाणी मात्र माणसाची गरज अद्याप भासते. मराठीसाठी युनिकोड पद्धतीचे टंकन यावयास हवे. अनेक मुद्रणालयांत जुन्या पद्धतीचे फाँट अजूनही वापरात असल्याने एका पद्धतीतून दुसरीत मजकूर बिनचूक नेता येणे, हेही एक कौशल्य ठरते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षा मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या वेगासाठी घेतल्या जातात. आपला वेग कितपत असावा, याचा अंदाज त्यावरून घेता येतो.

मुद्रितशोधनाच्या कामास भांडवल जवळजवळ लागत नाही. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले आणि १९६२ मध्ये शासनाने स्वीकारलेले शुद्धलेखनाचे १४ नियम व १९७२ मध्ये त्यांत पडलेली ४ नियमांची भर, असे एकूण १८ नियम नीट आत्मसात केले तर या कामाचा पाया तयार होतो. दिवाळी अंक, स्मरणिका, शोधप्रबंध आणि पाठ्यसाहित्य यांसाठी मुद्रितशोधक लागतात. दिवाळीपूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत या कामाचा विशेष हंगाम असतो.

भाषांतराच्या क्षेत्रात महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी भाषकांना एक नैसर्गिक लाभ आहे. बडोदे, इंदूर, हैदराबाद, बेळगाव, पणजी येथील अनेक मराठी कुटुंबांना घरची मराठी आणि परिसरातील गुजराती, हिंदी, तेलुगू, कन्नड किंवा कोंकणी या दोन्ही भाषा अवगत असतात. मराठीतून इंग्रजीत भाषांतर करणारे अनेक असतात. मराठीतून कन्नड किंवा तेलुगूत जाणारे त्या मानाने कमी आढळतात. जमिनीची कागदपत्रे, न्यायालयीन कागद, औषधांची माहितीपत्रके, चित्रफितींची उपशीर्षके अशा कामांसाठी त्यांची गरज पडते. यंत्राने केलेले भाषांतर तपासून देण्याचे कामही आता मोठ्या प्रमाणावर निघते. त्याचा दर कमी असतो. यंत्राची चूक मात्र वाचता वाचता सहज निसटते, म्हणून या कामात सावधपणा अधिक लागतो.

थोडी अधिक तयारी करू शकणाऱ्यांसाठी मोडी लिपी हा एक मार्ग आहे. मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने काम सुरू केले, तेव्हा मोडी वाचकांची गरज ठळकपणे पुढे आली. वंशावळी, जुनी खरेदीखते आणि जमिनीचे वाद यांसाठी मोडी कागदांचे देवनागरी लिप्यंतर करून द्यावे लागते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही मोडी कागदपत्रांचा मोठा साठा आहे. हे काम आठवडाभरात शिकता येत नाही, परंतु कागदाची छायाप्रत मिळाल्यास ते घरी बसून करता येते.

आवाज आणि बोली यांनाही आता मोल आले आहे. संगणकाला भारतीय भाषा शिकविण्यासाठी माणसांनी वाचलेली वाक्ये ध्वनिमुद्रित करावी लागतात, ध्वनिमुद्रण ऐकून ते लिहून काढावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी मराठी ध्वनिसामग्री गोळा करताना अल्प उत्पन्न गटातील ग्रामीण आणि शहरी मराठी भाषकांकडून असे काम मोबाईलवर करून घेतले होते. त्यासंबंधीचा त्यांचा शोधनिबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अशा कामांचे प्रकल्प ठरावीक मुदतीचे असतात. त्यामुळे त्यांकडे जोड उत्पन्न म्हणून पाहावे.

शिकवणी, ग्राहक सेवा आणि हिशेबलेखन ही तीन कामे त्या मानाने स्थिर आहेत. प्राथमिक शाळेतील मुलांचा अभ्यास, शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी, तसेच परदेशातील मराठी कुटुंबांतील मुलांना मराठी बोलण्या-वाचण्यास शिकविणे, यांसाठी संगणकाच्या पडद्यावरून वर्ग घेता येतात. दूरध्वनीवरील ग्राहक सेवेसाठी मराठी व हिंदी स्पष्ट बोलता यावे, घरात शांत जागा असावी आणि पाळीनुसार बसण्याची तयारी असावी. वाणिज्य शाखेचे शिक्षण झालेल्यांना परिसरातील दुकानदारांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी ठेवणे आणि वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रांची पूर्वतयारी करणे, ही कामे मिळू शकतात.

स्वयंपाकघरातून चालणाऱ्या व्यवसायांचाही येथे उल्लेख आवश्यक आहे. जेवणाचे डबे, भाजणी, मेतकूट, दिवाळीचा फराळ यांना शहरांत कायम गिऱ्हाईक असते. मात्र अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान व्यावसायिकालाही नोंदणी करावी लागते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

काम शोधावे कसे?

'घरबसल्या काम पाहिजे' असे म्हणून शोध घेणारी व्यक्ती त्या शब्दांवरच टपून बसलेल्या भामट्यांच्या हाती अलगद सापडते. म्हणून शोधाची सुरुवात कामाच्या नावाने करावी. 'मराठी मुद्रितशोधक', 'कन्नड-मराठी भाषांतरकार', 'चौथीच्या गणिताची शिकवणी' असे नेमके शब्द वापरले की भेटणारी माणसेही बहुधा नेमक्या गरजेची असतात.

दुसरी पायरी म्हणजे नमुना. अनुभव नसला तरी नमुना तयार करता येतो. दोन पानांचे भाषांतर, तपासलेल्या चार पानांची प्रत, पंधरा मिनिटांच्या पाठाची चित्रफीत, एवढे हाताशी असले तरी पुरते. हा नमुना घेऊन ओळखीच्या आणि प्रत्यक्ष पत्ता असलेल्या ठिकाणी जावे. गावातील मुद्रणालय, प्रकाशक, वकिलाचे कार्यालय, कर सल्लागार, शाळा, महिला बचत गट ही ती ठिकाणे होत. घरून करावयाचे काम मिळविण्यासाठी प्रथम घराबाहेर पडावे लागते, हे ऐकावयास विचित्र वाटले तरी बहुतेकांचा मार्ग असाच सुरू होतो.

शासकीय पातळीवर केंद्रीय श्रम मंत्रालयाची 'नॅशनल करिअर सर्व्हिस' ही सेवा जुलै २०१५ पासून कार्यरत आहे. महाराष्ट्रात 'महास्वयम्' हे संकेतस्थळ आहे. उमेदवाराला या दोन्ही ठिकाणी नोंदणीसाठी शुल्क भरावे लागत नाही. तथापि शासकीय संकेतस्थळावर आलेल्या जाहिरातीतील मालकाचीही स्वतंत्र चौकशी करणे हिताचे असते.

मोबदल्याचे गणित

नगावर किंवा पानावर ठरलेला दर आकर्षक वाटतो, परंतु त्याचे रूपांतर तासाच्या दरात केल्याशिवाय निर्णय घेऊ नये. समजा, ३०० शब्दांच्या एका पानास २५ रुपये ठरले. मिनिटाला १० शब्द टंकन करणाऱ्या नवशिक्यास त्यासाठी ३० मिनिटे आणि तपासणीस १० मिनिटे लागली, तर तासाला साडेसदतीस रुपये पडतात. वेग ३० शब्दांवर गेला आणि तपासणी ५ मिनिटांत होऊ लागली, तर तेच पान १५ मिनिटांत पूर्ण होते व तासाला १०० रुपये मिळतात. दर तोच राहिला तरी वेग वाढल्याने उत्पन्न पावणेतीन पटींच्या जवळ जाते. म्हणून सुरुवातीचे काही महिने शिकण्याचे मानावेत. या हिशेबात वीज, इंटरनेट आणि संगणकाची दुरुस्ती यांचा खर्चही धरावा.

पहिल्या ग्राहकाशी बोलताना चार गोष्टी लेखी ठरवाव्यात. काम किती, दर किती, दुरुस्त्या किती वेळा करून द्यावयाच्या आणि पैसे किती दिवसांत मिळणार. त्यासाठी मुद्रांक कागदाची गरज नाही. साध्या ईमेलवरील होकारही पुढे उपयोगी पडतो. काम मोठे असेल तर ते टप्प्यांत द्यावे आणि पहिल्या टप्प्याचे पैसे हाती आल्यावर दुसरा टप्पा सुरू करावा.

सापळा कसा ओळखावा?

फसवणुकीचे प्रकार अनेक असले तरी त्यांची रचना ठरलेली असते. पहिला प्रकार शुल्काचा. नोंदणी, ओळखपत्र, प्रशिक्षण किंवा अनामत या नावाखाली प्रथम काही शे रुपये मागितले जातात. नामांकित कंपनीच्या पेन्सिली किंवा पेने घरी बसून डब्यांत भरण्याचे काम आणि त्यासाठी दरमहा भरघोस पगार, ही जाहिरात याच प्रकारात मोडते. असा माल कारखान्यातच यंत्रांवर भरला जातो. तो घरोघर पाठवून परत गोळा करण्याचा खर्च कोणतीही कंपनी कशासाठी करील, एवढा प्रश्न विचारला तरी जाहिरातीतील फोलपणा उघड होतो.

दुसरा प्रकार 'टास्क'चा. चित्रफितीस पसंती देणे किंवा एखाद्या ठिकाणास गुण देणे, एवढे काम सांगून सुरुवातीस दीडशे-दोनशे रुपये खरोखरच खात्यात जमा केले जातात. विश्वास बसला की अधिक कमाईसाठी पैसे भरावयास सांगितले जाते. पडद्यावर शिल्लक वाढताना दिसते, परंतु ती काढावयास गेले की आणखी रकमेची मागणी होते. गेलेले पैसे परत मिळावेत या आशेने माणूस पुन्हा पुन्हा पैसे भरत राहतो.

तिसरा प्रकार माहिती भरण्याच्या कामाचा, आणि विड्यांच्या ठेकेदाराचे आधुनिक रूप ते हेच. हजारो नोंदी भरावयास देऊन ९८ टक्के अचूकतेची अट घातली जाते. काम पूर्ण झाल्यावर अचूकता कमी भरल्याचे सांगून मोबदला नाकारला जातो. ठेकेदार निदान मजुरी कापून थांबत असे. येथे उलट कराराचा भंग झाला म्हणून हजारो रुपयांच्या दंडाची मागणी होते आणि वकिलाच्या नावाने नोटीस येते, अटकेची धमकीही मिळते. अशा वेळी घाबरून पैसे भरू नयेत. खासगी करारातील काम पूर्ण झाले नाही, एवढ्या कारणावरून कोणालाही फोनवरून अटक होत नाही. 'डिजिटल अटक' असा कोणताही प्रकार भारतीय कायद्यात नाही.

चौथा प्रकार सर्वांत घातक आहे. 'तुमच्या बँक खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठवा आणि दलाली ठेवा' असे काम सांगितले जाते. ते पैसे बहुधा दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीतून आलेले असतात. पोलिसांचा तपास प्रथम याच खात्यापर्यंत पोहोचतो. खाते गोठविले जाते आणि खातेदार आरोपी ठरू शकतो. आपले खाते, एटीएम कार्ड किंवा सिमकार्ड कोणालाही वापरावयास देऊ नये.

साखळी पद्धतीच्या योजनांबाबतही सावध राहावे. नवे सदस्य जोडल्याबद्दल पैसे देणाऱ्या योजनांना १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांनी पिरॅमिड योजना चालवू नयेत आणि विक्रेत्यांकडून प्रवेश शुल्क घेऊ नये, असे डिसेंबर २०२१ मध्ये अधिसूचित झालेले नियम सांगतात.

काम देणाऱ्या कंपनीची नोंद केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आणि जीएसटी क्रमांक त्या कराच्या संकेतस्थळावर पाहता येतो. मात्र नोंदणीवरून कंपनी अस्तित्वात आहे एवढेच कळते, तिचा प्रामाणिकपणा सिद्ध होत नाही. शिवाय खऱ्या कंपनीचे नाव वापरून भलताच माणूस बोलत असण्याची शक्यता असते. म्हणून कंपनीच्या अधिकृत क्रमांकावर आपण स्वतः दूरध्वनी करून खात्री करावी.

फसवणूक झालीच तर

पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. आपल्या बँकेलाही त्वरित कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात वेगाने हलविली जात असल्याने पहिले काही तास निर्णायक ठरतात. संदेश, खाते क्रमांक, व्यवहाराचे तपशील पुसून टाकू नयेत. पैसे गेलेले नसले तरी संशयास्पद फोन वा संदेशाची माहिती 'संचार साथी' संकेतस्थळावरील 'चक्षू' सुविधेत देता येते. ही सुविधा मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. घरच्यांपासून गोष्ट लपविण्याच्या नादात अनेकदा तक्रारीचा मोलाचा वेळ निघून जातो. फसलेल्या व्यक्तीला दोष देण्याआधी तिच्या हाती दूरध्वनी द्यावा, ही जबाबदारी कुटुंबीयांचीही आहे.

हक्क आणि नोंदणी

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरून काम करणाऱ्यांसाठी १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार संमत केला. घरी काम करणाऱ्यासही इतर वेतनधारकांसारखी वागणूक मिळावी, हे त्याचे सूत्र आहे. भारताने त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही. देशांतर्गत कायद्यात मात्र घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तिचा समावेश आहे. असंघटित कामगारांसाठीच्या 'ई-श्रम' संकेतस्थळावर ऑगस्ट २०२१ पासून विनाशुल्क नोंदणी होते. घरी विड्या वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या किंवा पापड लाटणाऱ्या कामगारांनाही ती करता येते.

स्वतंत्रपणे सेवा देणाऱ्यांनी 'उद्यम' नोंदणीचा विचार करावा. जुलै २०२० पासून सुरू असलेली ही नोंदणी शासकीय संकेतस्थळावर विनामूल्य होते. तिचा एक महत्त्वाचा लाभ फारसा कोणास ठाऊक नसतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने अधिकाधिक ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास त्यावर व्याज द्यावे लागते आणि तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे नेता येते. घरी बसून भाषांतर करणाऱ्या एकट्या व्यक्तीलाही या तरतुदीचा आधार घेता येतो. मात्र नोंदणी काम घेण्यापूर्वी झालेली असावी.

घरून काम करण्याची गरज बहुतेकांना हौसेपोटी नसते. लहान मूल, आजारी सासू-सासरे, अपंगत्व, गावात नोकरीचा अभाव अशी कारणे त्यामागे असतात. ही अगतिकता फसविणाऱ्यांना नेमकी ठाऊक असते. म्हणून कोणताही प्रस्ताव आला की तीन प्रश्न विचारावेत. मी जे करून देणार आहे त्याचा उपयोग कोणाला आहे? त्याबद्दल पैसे कोण देणार आहे? आणि त्याआधी माझ्याकडून काही मागितले जात आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे स्पष्ट मिळाली आणि तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असे आले, तर लहानसे काम घेऊन सुरुवात करण्यास हरकत नाही. तिसऱ्याचे उत्तर 'होय' असेल, तर गिरगावातील त्या पापडांचा सरळ व्यवहार आठवावा आणि प्रस्ताव तेथेच सोडून द्यावा.